रंगपेटी ही चैन नव्हे

बारामती आणि इंदापूर तालुक्यांचे नाव निघाले की नीरा डावा कालवा, उसाचे मळे आणि सहकारी कारखान्यांची धुराडी डोळ्यांपुढे उभी राहतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे गळीत हंगाम सुरू झाला की बीड-अहिल्यानगरकडील ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. विकासाचे गोडवे गाणाऱ्यांनी या कोप्यांपाशी क्षणभर थांबून पाहावे, की येथील चार वर्षांच्या मुलाच्या हाती काय आहे? कित्येकांचे नाव गावाकडील अंगणवाडीच्या पटावर आणि मूल फडातल्या पाचटावर, असा हा व्यवहार आहे. त्याच वेळी त्याच तालुक्यांतील सुस्थित घरांची मुले शुल्क भरून रंगपेट्या, ठोकळे आणि चित्रपुस्तके यांत रमलेली असतात. मुले पहिलीत पाऊल टाकतात त्यापूर्वीच त्यांच्यातील वर्गभेद पक्का झालेला असतो.

‘अगोदर भाकरी, मग रंग’ असा युक्तिवाद यावर केला जातो. वरवर तो गरिबांच्या कैवाराचा वाटतो. पण गरिबांच्या मुलांना केवळ पोटच असते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. माती मळणारे, कागद फाडून चिकटवणारे, रंगाचे फराटे ओढणारे मूल वेळ दवडीत नसते. त्याची बोटे लेखणी धरण्यास तयार होत असतात; जाड-बारीक, कमी-जास्त, आधी-नंतर यांची समज त्याला हातांनी येत असते; आणि आपण काय केले हे सांगताना त्याची भाषा वाढत असते. ही तयारी न करता पाटीवर अक्षरे गिरवून घेणे म्हणजे नांगरट न करता पेरणी करणे होय. पोराने लवकर लिहावे असे मजूर आईबापांना वाटते, यात त्यांचा दोष नाही. शिक्षणावाचून काढलेल्या आयुष्याची ती धास्ती आहे. त्या धास्तीवर शिशुवर्गांचा बाजार मांडणारे मात्र दोषी आहेत.

हे खूळ परदेशातून आलेले नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडच्या टेकडीवर, माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, पाने आणि माती यांच्या आधारे बालशिक्षण उभे केले. मूल शाळेत येईना, तेव्हा शाळाच त्याच्या अंगणात गेली. बेंदराला मातीचे बैल करणाऱ्या आणि ज्वारीच्या धाटांच्या गाड्या जोडणाऱ्या या मुलखातही साधनांचा दुष्काळ नाही. मात्र ‘स्थानिक साहित्य’ हा शब्द शासनाने खर्च टाळण्याचा बहाणा करू नये. कागद, खडू, डिंक आणि रंग यांना पैसे पडतात.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. पण आहार, वजने, नोंदवह्या, सर्वेक्षणे आणि मोबाईलवरील माहिती यांत बुडालेल्या सेविकेने रंगांचा डबा उघडावा कधी? तिला शिक्षिका म्हणायचे नाही आणि वेतनाऐवजी मानधनावर राबवायचे, हे धोरण आहे. डिसेंबर २०२३ व जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी केलेला संप म्हणूनच बालशिक्षणाचाही लढा होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाला हक्क दिला. तीन ते सहा वयासाठी मात्र शासन व्यवस्था करू शकेल, इतक्याच मोघम शब्दांवर मुलांची बोळवण केली.

कार्यकर्त्यांनी या मागण्या गावसभेपासून कारखान्याच्या दारापर्यंत नेल्या पाहिजेत : प्रत्येक ऊसतोड वस्तीवर हंगामभर अंगणवाडी, कलासाहित्यासाठी स्वतंत्र वार्षिक तरतूद, सेविकेला शिक्षिकेचा दर्जा व वेतन, आणि तीन वर्षांपासून शिक्षणाचा कायदेशीर हक्क. साखरेच्या प्रत्येक पोत्यात या मुलांच्या आईबापांचे श्रम आहेत. त्यांच्यासाठी मागितलेली रंगपेटी हे दान नाही, ते थकलेले देणे आहे.