लिंबूपाणी, पारा आणि गरिबाचा देह

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू व राजकारणी नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकारांसमोर सांगितले की, कडुनिंब, हळद, लिंबूपाणी अशा आहाराने आपल्या पत्नीने चौथ्या टप्प्यातल्या कर्करोगावर मात केली. दोनच दिवसांत टाटा स्मारक रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी जाहीर पत्रक काढले. या दाव्याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका, असे त्यांनी बजावले. त्या रुग्णावर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेलीच होती. आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होता, असा खुलासा सिद्धूंनीही पुढे केला. पण खुलासा वस्तीपर्यंत पोचत नाही. लिंबूपाणी मात्र पोचते!

येथे एक फरक समजून घेतला पाहिजे. उपचारासोबत घेतलेली पद्धत ती पूरक आणि उपचाराऐवजी घेतलेली ती पर्यायी. योगासनांनी थकवा, चिंता कमी व्हायला मदत होते, हे अभ्यासांत दिसले आहे. त्याला कोणाचा विरोध नाही. विरोध आहे तो उपचार सोडायला लावणाऱ्यांना. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली याची मोजदाद प्रसिद्ध केली. बऱ्या होऊ शकणाऱ्या कर्करोगात फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अडीचपट होता. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात पूरक उपचार घेणाऱ्यांचाही धोका दुप्पट निघाला. कारण काय? त्यांतल्या ३४ टक्के लोकांनी केमोथेरपी नाकारली होती. इतरांत हे प्रमाण ३ टक्के होते. म्हणजे मारले ते झाडपाल्याने नव्हे, नाकारलेल्या उपचाराने.

कोणी म्हणेल, हा आपल्या वनस्पतींचा अपमान आहे. मुळीच नाही. अंगणातल्या सदाफुलीतूनच संशोधकांनी व्हिनक्रिस्टीन हे औषध काढले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते. पण सदाफुली तपासली गेली, तिच्यातले द्रव्य वेगळे केले गेले, त्याची मात्रा ठरली, दुष्परिणाम नोंदले गेले. कोणी सांगितले म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणूनही मानू नका, अनुभवाने पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. विज्ञान याहून वेगळे काय सांगते?

हीच पारख दाताच्या बाबतीतही लावू या. किडलेल्या दातात भरायच्या चांदीमध्ये, म्हणजे अमाल्गममध्ये, वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. 'पारा विष आहे, भरलेले सगळे काढून टाका' असा धंदा काही देशांत जोरात चालला. २००६ साली न्यू इंग्लंड आणि लिस्बन येथील दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. प्रत्येकीत पाचशेवर मुले होती. अमाल्गम भरलेल्या मुलांच्या बुद्धीवर वाईट परिणाम आढळला नाही. तेव्हा तोंडात शाबूत असलेली चांदी घाबरून उकरून काढण्याचे कारण नाही.

मग जग पारा बंद का करते आहे? कारण प्रश्न फक्त तोंडाचा नाही. दवाखान्याच्या बेसिनमधून पारा गटारात जातो, तेथून नदीत आणि माशांत. गटारात कोण उतरते आणि कोणत्या जातीचा उतरतो, हे या वाचकांना सांगायला नको. पाऱ्याबाबतचा मिनामाता करार २०१३ साली झाला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. नोव्हेंबर २०२५ च्या जिनिव्हा बैठकीत २०३४ पर्यंत दातातील अमाल्गम संपवायचे ठरले.

निर्णय योग्य आहे. पण त्याची किंमत कोण मोजणार? दाताच्या रंगाचे कंपोझिट महाग असते. ते भरायला वेळ आणि कोरडा दात लागतो. सरकारी दवाखान्यात स्वस्त चांदी बंद झाली आणि पर्याय आला नाही, तर गरिबाचा दात भरला जाणार नाही, उपटला जाईल. पर्याय नाही असे नाही. ग्लास आयोनोमर सिमेंट आहे. टांझानियात १९८० च्या दशकात विजेच्या यंत्राविना, हाताच्या अवजारांनी कीड काढून भरण्याची पद्धत उभी राहिली, ती याच सिमेंटवर चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हे सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ पासून आहे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. तरी भिंती जाहिरातींनी रंगतात आणि दवाखान्यात रांगा लागतात. ज्याला तपासणीची तारीख महिन्याने मिळते, तोच शेवटी बुवाच्या दारात जातो. त्याला अडाणी म्हणून मोकळे होता येणार नाही.

म्हणून मागणी दुहेरी हवी. खोट्या जाहिरातींवर गुन्हे दाखल करा आणि तालुक्याच्या दवाखान्यात कर्करोगाची तपासणी व दाताचे सिमेंट द्या. बांधवांनो, गाठ किंवा तोंडातला न भरणारा चट्टा दिसला, तर आधी डॉक्टर गाठा. हळद दुधात घालायला कोणाची हरकत नाही. उपचाराच्या जागी ती बसवू नका.