चार आठवड्यांचा पाहुणा



शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा आणि करडे निम्मी-निम्मी, ही रीत आपल्या खेड्यापाड्यांत जुनी आहे. जनावर आपल्या मालकीचे नसले तरी ठरलेल्या मुदतीपर्यंत ते आपल्या अंगणात नीट वाढवता येते, हे शहापूर-मुरबाडकडच्या मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. हाच व्यवहार कुत्र्या-मांजरांच्या अनाथ पिल्लांसाठीही करावा, असे मला सुचवायचे आहे. प्राण्यांच्या निवाऱ्यातले पिल्लू कायमचे घर मिळेपर्यंत चार-सहा आठवडे आपल्या घरी ठेवायचे आणि दत्तक घेणारा आला की त्याच्या हाती सोपवायचे. याला आपण ‘तात्पुरते घर’ म्हणू. दयेपोटी हे काम काही जण करतातच. मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक. तेव्हा त्यामागचे गणित सांगतो.

निवारे आपल्याला नवे नाहीत. मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून 1832 साली मुंबईत दंगल उसळली आणि दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, मुंबईची पांजरपोळ ही संस्था उभी राहिली. पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय निघाले. जखमी आणि आजारी जनावरांना अशा संस्थांचाच आधार असतो. पण निरोगी लहान पिल्लांच्या दृष्टीने तेथे एक मोठी अडचण असते, ती म्हणजे गर्दी.

दहा पिल्ले एका खोलीत ठेवली तर त्यांच्या जोड्या किती होतील? 10 गुणिले 9 भागिले 2, म्हणजे 45. एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायला रोगजंतूला 45 वाटा मोकळ्या झाल्या. तीच पिल्ले दोन-दोन करून पाच घरांत वाटली तर जोड्या उरतात फक्त 5. कुत्र्यांचा पार्व्हो विषाणू 1978 साली प्रथम ओळखला गेला. तो लस न टोचलेल्या पिल्लांना रक्ती हगवण लावून काही दिवसांत मारू शकतो आणि मातीत कित्येक महिने टिकतो. त्याच्याविरुद्ध पहिला उपाय लस, आणि दुसरा या वाटा कमी करणे.

आता थंडीचा विचार करू. आई साडेतेरा किलोची आणि पिल्लू अर्ध्या किलोचे असेल, तर पिल्लाचे वजन आईच्या एक सत्ताविसांश झाले. आकार सारखाच धरला तर लांबी, रुंदी व उंची एक तृतीयांश आणि अंगाचा पृष्ठभाग एक नवमांश. म्हणजे वजनाच्या मानाने पिल्लाचा पृष्ठभाग आईच्या तिप्पट होतो, आणि उष्णता तर पृष्ठभागातूनच निसटते. त्यातून पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःचे तापमान राखता येत नाही.

आपल्याकडच्या पावसात असे पिल्लू भिजले तर काय होईल? त्याच्या अंगावरचे 10 ग्रॅम पाणी वाळायला सुमारे 5,800 कॅलरी उष्णता लागते. अर्ध्या किलोच्या पिल्लाचे तापमान एक अंशाने उतरायला साधारण 400 कॅलरी पुरतात. भागाकार करून पाहा: उत्तर 14 अंशांहून जास्त येते. ही सगळी उष्णता शरीरातूनच जात नाही, काही हवेतून मिळते. तरीही धोका केवढा आहे ते ध्यानात येईल. कोरडे गोणपाट, फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली आणि दर दोन-तीन तासांनी पाहणारे एक माणूस, एवढे घरात सहज जमते. पन्नास जनावरांमागे धावणाऱ्या दोन नोकरांना ते जमणे अवघड आहे.

तिसरे कारण मनाचे. 1961 साली फ्रीडमन, किंग आणि एलियट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी काही पिल्ले माणसांपासून दूर, कुंपणाच्या आत वाढवली. त्यांना वेगवेगळ्या वयात फक्त एकेक आठवडा माणसांचा सहवास दिला. पाच ते नऊ आठवड्यांच्या सुमारास तो मिळालेली पिल्ले माणसाळली. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती रानटी जनावरासारखी बुजरी राहिली. म्हणजे माणसाळण्याची एक वेळ असते आणि ती थोडक्यात सरते. हे आठवडे पिंजऱ्यात गेले तर ते पिल्लू मोठेपणी भेदरट होते, आणि भेदरट कुत्रे चावते. मग त्याला कोण दत्तक घेणार?

म्हशाच्या यात्रेत बैल घेणारा शेतकरी दात पाहतो, चालवून पाहतो, हजार प्रश्न विचारतो. कुत्रे नेणाऱ्यालाही प्रश्न असतातच. ते मुलांशी कसे वागते? कोंबड्यांवर धावते का? रात्री रडते का? पिंजऱ्याकडे पाहून याची उत्तरे मिळत नाहीत. ज्या घरात ते राहिले, ते घरच ती देऊ शकते. म्हणून पाहुणा आला की एक वही घाला. रोजचे वजन, खाणे, शौच, झोप आणि नवे काय शिकला, ते तारखेनिशी लिहा. प्रयोगवहीत लिहिता तसेच.

काही जण म्हणतील, घरात रोग येईल. शंका रास्त आहे. पशुवैद्यकाने तपासलेले पिल्लूच आणावे, दोन आठवडे घरच्या इतर जनावरांपासून वेगळे ठेवावे, आणि लशींच्या तारखा चुकवू नयेत. रेबीजची लस पिल्लाला साधारणपणे तिसऱ्या महिन्यात देतात, तेव्हा त्याआधी विशेष जपावे. चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी, हळद-चुना काही लावू नये आणि त्याच दिवशी शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस सहसा वाचत नाही. लक्षणांआधी वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते.

दोन गोष्टी कधीही करू नका. आई जवळपास असेल तर तिची पिल्ले उचलू नका. तिच्यापेक्षा चांगले घर त्यांना दुसरे नाही. आणि तानसाच्या रानात सापडलेला ससा, मुंगूस किंवा पोपटाचे पिल्लू घरी आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंदी आहे. अशा वेळी वनखात्याला कळवावे.

सर्वात मोठी हरकत उरते ती लळ्याची. ‘एवढे वाढवल्यावर देववणार कसे?’ लळा लागणारच. तो लागला नाही तर पिल्लू माणसाळेल कसे? पण हिशेब पाहा. वर्षाचे आठवडे 52. एक पाहुणा सहा आठवडे राहिला आणि दोन पाहुण्यांमध्ये दोन आठवडे सफाईसाठी ठेवले, तर एका घरातून वर्षाला सहा पिल्ले निघू शकतात. पहिलेच ठेवून घेतले तर बाकीच्या पाचांची जागा गेली.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. एका शाळेच्या परिसरातली पाचच घरे, पालकांच्या संमतीने, एका निवाऱ्याशी जोडून द्या. औषधाचा खर्च कोणाचा, पशुवैद्यक कोण आणि परत देण्याची तारीख कोणती, हे आधीच कागदावर लिहून घ्या. नसबंदी करण्याचे वचन दत्तक घेणाऱ्याकडून घ्या. नाहीतर पुढच्या वर्षी तेवढीच पिल्ले पुन्हा रस्त्यावर येतील. पाच घरे, सहा-सहा पिल्ले, म्हणजे वर्षाला तीस. मोठ्या इमारतीची वाट न पाहता हे काम येत्या पावसाळ्याआधी सुरू करता येईल.