गोळी हृदयाची, गाठ गळ्याची

फराळाच्या ताटाशी औषधाची गोष्ट काढू नये, हे मला समजते. पण हल्ली घरोघर चकलीच्या डब्याशेजारी गोळ्यांची डबीही असतेच. तेव्हा वाचक क्षमा करतील.

जेम्स ब्लॅक हे स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ १९५८ साली आयसीआय या औषधे करणाऱ्या कंपनीत गेले, ते एक साधा विचार घेऊन. दुखऱ्या हृदयाला रक्त अधिक पुरवता येत नसेल, तर त्याचे काम तरी कमी करावे! माणूस घाबरला की अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते आणि छाती धडधडू लागते. पेशींवरच्या ज्या ‘बीटा’ नावाच्या दारांशी ते येऊन भिडते, ती दारेच अडवली की धडधड शमते. पहिले औषध प्रोनेथॅलॉल. पण त्याने उंदरांच्या थायमस ग्रंथीत गाठी झाल्या आणि ते बाजूला ठेवावे लागले. मागून प्रोप्रॅनोलॉल आले, आणि १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

थायमस छातीत, थायरॉइड गळ्यात; नावांच्या सारखेपणाने फसू नये. आपल्या पंडितांनी थायरॉइडला ‘अवटु’ म्हटले. संस्कृतात अवटु म्हणजे मान, तीही मागची! असो.

ही ग्रंथी जादा पाझरू लागली की हात कापतात, छाती उडते. प्रोप्रॅनोलॉलने तो त्रास लवकर उतरतो. मूळ दुखणे मात्र जागच्या जागी राहते.

पुण्याच्या माझ्या मावसबहिणीचे नेमके इथेच अडले. गळ्याला गाठ, त्यात धडधड. डॉक्टरांनी गोळी दिली आणि स्कॅन करून या, लागलेच तर सुईने पेशी काढून तपासू, असे सांगितले. गोळीने बाईंना झोप लागू लागली, स्कॅन राहिला. वर मुलीने कुठेसे वाचले, की या गोळीने गाठीही विरतात.

तसे ते सर्वस्वी खोटे नाही. २००८ साली फ्रान्समधील बोर्दो येथे हृदयासाठी हे औषध दिलेल्या एका बाळाच्या तोंडावरची रक्तवाहिन्यांची लाल गाठ विरू लागल्याचे प्रसिद्ध झाले, आणि त्या विकारावर आज हाच उपचार आहे. थायरॉइडच्या कर्करोगाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांच्यावरही प्रोप्रॅनोलॉलचे प्रयोग झाले आहेत. पण बशी ती बशी. माणसाच्या थायरॉइडच्या कर्करोगावरचा मान्य उपचार म्हणून हे औषध आजही धरले जात नाही.

“अगं, गळ्यातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवीच निघतात,” मी म्हणालो.

“मग तपासायचं कशाला?”

“आपली त्यांतलीच आहे, हे कळायला नको?”

त्यावर ती काही बोलली नाही. पण मेहुण्यांनी उठून फोन लावला. भाऊबीजेनंतरचा सोमवार ठरला आहे. तोवर गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, असेही डॉक्टरांनी बजावले आहे.