घरचा ठेवा : घड्याळाची साक्ष

आमच्या मंगळवार पेठेंतील घरीं आजोबांचें एक खिशाचें घड्याळ आहे. तें मूळचें सोन्याच्या झांकणाचें होतें, असें आजी सांगत असे. आज पाहावें तों पेटी चांदीची, आणि तीस झांकणही नाहीं. सोनें गेलें कोठें, हें घरांत कोणी उघड बोलत नसे. परंतु बोट सदैव धाकट्या काकांकडे असे. काका २००९ सालीं निवर्तले. संशय मात्र उरला. गेल्या मार्गशीर्षांत वांटणीच्या निमित्तानें तो पुन्हां डोकें वर काढूं लागला, तेव्हां आम्हीं तें घड्याळ पेठेंतील एका वृद्ध घड्याळजींकडे नेलें.

त्यांनीं प्रथम तबकडीच दाखविली. उघड्या तोंडाच्या घड्याळास किल्लीची गुंडी सामान्यतः बाराच्या आंकड्यावर असते. झांकणाच्या घड्याळास ती तीनच्या आंकड्यापाशीं असते. आमच्या घड्याळास झांकण नसतां गुंडी मात्र तीनपाशीं! यंत्रावर ‘अमेरिकन वॉल्थम वॉच कंपनी’ अशीं अक्षरें होतीं. मॅसॅच्युसेट्समधील या कारखान्यानें हें नांव १८८५ पासून १९०६ पर्यंत वापरलें. अर्थात् यंत्राचा काळही ठरला.

तथापि न्यायशास्त्राचा अभ्यास ज्यास घडला, त्यानें एकाच लिंगावर विसंबूं नये. अमेरिकेंत यंत्र एका कारखान्याचें व पेटी दुसऱ्याची असे; मापें ठराविक असल्यामुळें दुकानदार गिऱ्हाइकाच्या पसंतीची पेटी बसवून देई. त्यांत झांकणाचें यंत्र प्रारंभींच उघड्या पेटींत बसविलेलेंही आढळतें. तेव्हां हा हेतु व्यभिचारी. घड्याळजींनीं मग भिंगांतून पेटीची आंतील कड दाखविली. यंत्र धरून ठेवणाऱ्या स्क्रूंचे ओरखडे तेथें होते. आणि त्यांच्या शेजारीं आणखी दोन जुने ओरखडे, आतांच्या स्क्रूंशीं न जुळणारे. या पेटींत पूर्वीं दुसरें यंत्र नांदत होतें!

घरीं येऊन आम्हीं आजोबांच्या रोजकीर्दी काढल्या. सप्टेंबर १९३१ मध्यें ब्रिटननें सुवर्णपरिमाण सोडल्यावर सोन्याचा भाव चढला, आणि मंदीनें गांजलेल्या कित्येक कुटुंबांनीं या देशांत घरचें सोनें मोडलें. १९३२ च्या ज्येष्ठांत आजोबांच्या हातची नोंद सांपडली : ‘घड्याळाची पेटी मोड’, खालीं ‘चांदीची जुनी पेटी’, त्याखालीं ‘चि. थोरल्याची कॉलेजची फी.’ त्या सालीं धाकटे काका पाळण्यांत होते.

संशय अधिक बोलून दाखविला तो थोरल्यांच्याच शाखेनें. त्यांच्या नातवानें ती वही वाचली आणि उठून धाकट्या काकूंच्या पायांवर डोकें ठेवलें. काकू कांहीं बोलल्या नाहींत. घड्याळास किल्ली देऊन तें कानाशीं धरून बसल्या.

वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें : घरचें जुनें घड्याळ घांसूनपुसून चकचकीत करण्यापूर्वीं जाणत्याकडून उघडवून त्यांतील ओरखडे भिंगानें पाहून घ्यावे. ते नाहींसे झाले म्हणजे साक्षीदारच गेला.