रंग संध्याकाळी बघावा

अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीत वाढलेल्यांना घराचा रंग निवडता येतो हे फार उशिरा कळतं. तिथे रंग निवडायचा नसे, तो यायचा. क्वार्टर केंद्र सरकारचं, डागडुजी सीपीडब्ल्यूडीकडे. नळ गळतो म्हणून ‘एन्क्वायरी’त तक्रार लिहून यायची, तशीच रंगासाठीही. मग एक दिवस माणसं शिडी आणि बादल्या घेऊन यायची, आई डबे-भांडी जुन्या चादरींनी झाकायची, आणि बघता बघता आमच्या भिंती शेजारच्यांच्या भिंतींइतक्याच फिकट होऊन जायच्या. वडिलांना बढती मिळाली, वरच्या टाइपचं क्वार्टर मिळालं, एक खोली वाढली, रंग तोच. घराघरांत फरक काय तो कॅलेंडरांचा.

क्वार्टर निवृत्तीबरोबर सोडावं लागतं. स्वतःच्या घरात आलं की पहिल्यांदा जाडजूड शेडकार्ड मांडीवर येतं आणि एरवी गुण्यागोविंदाने नांदणारं कुटुंब तासाभरात फुटतं. आमच्याकडे या वर्षी सासूबाईंना ‘उजळ काहीतरी’ हवं होतं, मुलीला राखाडी, आणि नवऱ्याला हा विषय एकदाचा संपवायचा होता. माझं म्हणणं एवढंच होतं की रंग दुकानात, दिवसाढवळ्या ठरवायचा नाही.

नोकरी करणारा मुंबईकर आपलं घर उजेडी बघतो कधी? सकाळी पाणी, डबा, गाडी. परततो तेव्हा दिवे लागलेले असतात. आणि दिवा बदलला की रंग बदलतो. पांढऱ्याशार एलईडीखाली अबोली मलूल दिसते, तीच पिवळसर दिव्याखाली खुलते. निळ्याचं बरोब्बर उलटं, पिवळ्या उजेडात तो मळल्यासारखा होतो. त्यात कार्डावरचा नमुना बोटाएवढा. तोच रंग चारही बाजूंना चढला की भिंती एकमेकींवर आपली छटा टाकतात आणि खोलीत तो कार्डापेक्षा गडद भासतो. आमचे रंगारी म्हणाले, “ताई, छोटा डबा आणा. हातभर पट्टा खिडकीच्या भिंतीवर मारतो, एक समोरच्या भिंतीवर. दोन-तीन दिवस राहू द्या, मग सांगा.” खिडकीची भिंत मुद्दाम, कारण उजेड तिच्यातून आत येतो पण तिच्यावर पडत नाही, दिवसा खोलीतली सगळ्यात काळोखी भिंत तीच.

डोळा फसतो, हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर चुन्यात नीळ टाकायचे. चुन्याला पिवळसर झाक असते, निळीने ती मरते आणि भिंत अधिक पांढरी वाटते. खरं तर नीळ घातलेली भिंत तसूभर कमीच उजेड परत फेकते, पण तिथे मोजमाप घेऊन कोण बसलंय!

पुढे डिस्टेंपर आला, ऑइलपेंट आला. या धंद्याची काही मुळं आपल्याच पट्ट्यातली. आजच्या नेरोलॅकची सुरुवात 1920 साली लोअर परळला गहगन पेंट्स म्हणून झाली. 1942 मध्ये मुंबईतल्याच चार मित्रांनी एशियन पेंट्स काढली, आणि 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिला डोळ्यांवर केस आलेला, हातात ब्रश घेतलेला गट्टू दिला. रंग हा हौसेचा विषय करण्यात त्या खट्याळ पोराचा वाटा मोठा. आम्हा कॉलनीतल्या मुलांना तो फक्त दुकानाच्या पाटीवर भेटायचा.

जुन्या घरांत भिंतीचा खालचा भाग ऑइलपेंटचा आणि वर डिस्टेंपर असे. आता त्या पट्ट्याला हसतात, पण मला त्यात अक्कल दिसते. माणसं भिंतीला टेकून बसायची आणि खोबरेल तेलाचे गोल डाग उमटायचे. डिस्टेंपर पुसायला जावं तर रंगच निघून येई. धुता येणारे प्लास्टिक पेंट आल्यावर पट्टा गेला. ओलीवर मात्र कुठलाच डबा चालत नाही. भिंतीतलं पाणी क्षार घेऊन बाहेर येतं, लोणा लागतो, पोपडे धरतात. आधी गळती बंद करायची, भिंत पुरती सुकू द्यायची, मग लांबी आणि प्रायमर. पण दिवाळीच्या घाईत, पाऊस नुकता सरलेला असताना, हे ऐकायला कुणाला वेळ नसतो.

शेवटी मुलीच्या खोलीचा राखाडी रात्री ठरला, हॉलचाही रात्रीच. सासूबाई दिवसभर घरात असतात, त्यांची खोली तेवढी दुपारी बघितली. पांढराच घेतला, पण समोरची इमारत पिवळी आहे. तीनच्या सुमाराला ऊन तिच्यावर आपटून आत येतं आणि आमचा पांढरा हलका पिवळा होतो. त्यांना तो फार आवडला. आता समोरचे बाहेरून विटकरी रंग काढणार आहेत म्हणे, म्हणजे दुपारभर लालसर झाक. येत्या रविवारी त्यांच्या सोसायटीची सभा आहे. सासूबाई म्हणतात, “मी जाऊन बोलते त्यांच्या सेक्रेटरीशी.” आणि त्या जातीलही.