रीत दाखवा

परवा आमच्या धाकट्या नातीचा फोन आला. ती सध्या पीएचडी करते आहे. विषय काय, तर कृत्रिम बुद्धिमत्ता आणि माणसाचं आरोग्य. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली, त्यातून सत्तरी ओलांडलेली, म्हणून ती मला फार सोपं करून सांगते. दवाखान्यातल्या हजारो जुन्या केसपेपरांवरून संगणक शिकतो आणि नव्या पेशंटची तब्येत बिघडेल की नाही याचा अंदाज देतो, असं साधारण तिचं काम.

"बरोबर सांगतो का गं?"

"बहुतेक वेळा बरोबर येतं, आजी."

"पण कशावरून सांगतो?"

"तेच तर नीट सांगता येत नाही ना!"

झालं! माझ्यातली बाई जागी झाली. ३४ वर्षं मी पाचवी ते सातवीचे वर्ग घेतले. मराठी तर होतंच, पण शिक्षक कमी पडले की गणितही. उत्तर बरोबर आणि रीत गायब अशी वही आली की मी त्या पोराला फळ्यापाशी बोलवायची. कधी पोरगं खरंच हुशार निघायचं, कधी शेजारच्याचं बघितलेलं असायचं, तर कधी दोन चुका होऊन उत्तर आपोआप जुळलेलं असायचं. हा तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. पुढच्या गणितात तो हमखास दगा देतो.

हे ऐकून नातीनंच मला एक गोष्ट सांगितली. १९९० च्या दशकात अमेरिकेत पिट्सबर्गला न्यूमोनियाच्या पेशंटांवर असंच संशोधन चाललं होतं. कुणाला दाखल करायचं आणि कुणाला औषध देऊन घरी पाठवायचं, हे संगणकाला शिकवायचं होतं. रिच कारुआना तेव्हा तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएचडी करत होते. त्यांचा प्रोग्रॅम सगळ्यांत अचूक ठरला, पण त्याच्या आत काय चाललंय ते वाचता येत नव्हतं. त्याच प्रकल्पातला दुसरा एक प्रोग्रॅम मात्र आपले नियम वाचता येतील असे मांडायचा. त्यात एक नियम निघाला, की न्यूमोनिया झालेल्याला आधीपासून दमा असेल तर त्याच्या जिवाला धोका कमी!

डॉक्टर चक्रावले. मग उलगडा झाला. दमा आहे म्हटल्यावर तिथले डॉक्टर पेशंटला बहुधा थेट अतिदक्षता विभागात नेत. त्या धावपळीमुळे तो वाचे. संगणकाला धावपळ दिसली नाही, फक्त वाचलेला पेशंट दिसला. जे या प्रोग्रॅमनं उचललं ते त्या अचूक प्रोग्रॅमनंही उचललं असणार, आणि आणखी काय काय उचललं असेल ते कुणी पाहायचं? म्हणून तो पेशंटांवर वापरायचा नाही असं ठरलं.

नात हे सांगत होती आणि मी गप्प झाले. आमच्या ह्यांना दमा होता. एका पावसाळ्यात न्यूमोनिया झाला. दम्याचं ऐकताच तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक मिनिट घालवलं नाही, रातोरात आयसीयूत हलवलं. हे घरी आले, पुढे ११ वर्षं माझ्या हातचा चहा प्यायले. कुणाच्या केसपेपरांच्या ढिगात हेही एक ओळ झाले असतील: दमा होता, बरा होऊन घरी गेला. ती रात्र त्या ओळीत कुठून येणार?

मला म्हणायचंय ते एवढंच. दवाखान्याच्या आकड्यांत नुसता आजार नसतो, माणसांनी घेतलेली काळजीही त्यात मिसळलेली असते. ती वेगळी काढता येत नसेल, तर उत्तर कितीही वेळा बरोबर येवो, त्यावर डॉक्टरेट देताना दहादा विचार करावा.

नातीचं म्हणणंही खोटं नाही. ती म्हणते, "आजी, डॉक्टर तरी दरवेळी कारण सांगतात का? आणि न सांगणाऱ्या यंत्रानं जास्त जीव वाचवले तर?" मी दोन दिवस विचार केला. डॉक्टरांना निदान विचारता तरी येतं. शिवाय रीत दाखवणं यंत्राला अशक्य आहे असंही नाही. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डला एडवर्ड शॉर्टलिफ यांनी पीएचडीसाठी 'मायसिन' नावाचा प्रोग्रॅम केला. रक्तातल्या संसर्गाला कोणतं औषध द्यावं ते तो सुचवायचा, आणि डॉक्टरांनी "का?" विचारलं की आपला नियम समोर ठेवायचा. स्वतः कारुआनांनी २०१५ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्याच न्यूमोनियाच्या माहितीवर वाचता येईल अशी पद्धत दाखवली. अचूकपणातही ती मागे नव्हती. दम्याची ओळ दिसते, म्हणून ती खोडताही येते.

एक्स-रेसारख्या चित्रांत हे इतकं सोपं नाही, असं नात म्हणते. मान्य. पण मग जुन्या कागदांवरच्या मार्कांवर भागवू नये. खऱ्या वॉर्डात, डॉक्टरांच्या नजरेखाली पारख व्हावी. आणि प्रबंध लिहिण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्यानं महिनाभर तरी वॉर्डात सिस्टरांशेजारी बसावं. ती प्रत्येक ओळ कशी भरली जाते ते बघावं.

नातीनं तिच्या गाइडना विचारायचं कबूल केलंय. बघू या. मी तिला आणखी एक काम दिलंय. त्या केसपेपरांत दमेकरी पेशंट दिसला, की तो वाचला एवढंच बघू नकोस. त्या रात्री त्याच्यासाठी कोण कोण जागलं तेही शोध.

तुम्हाला काय वाटतं? पटलं नसेल तर तसंही कळवा. मात्र कारण लिहा!