सँपल शिवणारीचं नाव

पुरुषांची आणि मुलांची अंडरवेअर कशी बसावी, हे बंगळुरूत बऱ्याचदा सँपल टेबलावरच्या बायका ठरवतात. मी मूळची बेळगावची. लग्नानंतर इथे आले आणि इथल्या पीण्या भागातल्या एका कारखान्यातून सँपल टेलर म्हणून निवृत्त झाले.

एकदा शाळकरी मुलांच्या ब्रीफचा टेक-पॅक, म्हणजे मापं आणि शिवणीच्या सूचनांचा कागद, आला. मापं सगळी बरोबर होती, पण ओव्हरलॉकची जाड शिवण नेमकी जांघेत येत होती. खेळून घामाघूम झालेल्या मुलाला ती काचणार, हे दोन मुलगे वाढवलेल्या बाईला सांगावं लागत नाही. मी पॅटर्न बदलला, शिवण पुढे घेतली, फ्लॅटलॉकने सपाट केली. पुढच्या भागाला आतून कापडाचा आणखी एक थर दिला. आधार मिळाला, आवळणं टळलं. तोच नमुना लाइनवर गेला. कागदावर नाव मात्र डिझायनरचंच राहिलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या मैत्रिणींचंही असंच होत आलं.

उलट, सायकलस्वारांसाठी १८७४ मध्ये जॉकस्ट्रॅप, म्हणजे आपल्याकडचा सपोर्टर, काढणारे शिकागोचे सी. एफ. बेनेट आजही नावानिशी ठाऊक आहेत. १९७७ मध्ये अमेरिकेत लिसा लिंडाल, हिंडा मिलर आणि पॉली स्मिथ यांनी असेच दोन जॉकस्ट्रॅप जोडून धावणाऱ्या बायकांसाठी ब्रा तयार केली. पॉली नाटकांचे पोशाख करायची, शिवणकाम तिचं. १९७९ च्या पेटंटवर तिघींची नावं आहेत. शिवणारीचंही आहे, आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातही कलम २८ नुसार शोध लावणाऱ्याचं नाव पेटंटवर नोंदवता येतं. २०१९ पासून, अर्जदार कंपनी नसून सगळ्या व्यक्तीच असतील आणि त्यांत एक जरी स्त्री असली, तरी जलद तपासणी मागता येते. शिवण सरकवल्याचं पेटंट मिळेलच असं नाही, आणि डिझाइनची नोंदणी तर मालकाच्या नावे होते. म्हणून सुरुवात कारखान्यातच व्हायला हवी.

एप्रिल २०१६ मध्ये पीएफ काढण्यावर बंधन घालणाऱ्या नियमाविरुद्ध गारमेंटच्या हजारो बायका इथे रस्त्यावर उतरल्या आणि केंद्राला तो नियम मागे घ्यावा लागला. त्याच ताकदीने आता टेक-पॅकवर एक रकाना मागावा: बदल कोणी सुचवला, सँपल कोणी शिवलं. संघटनांनी तो पुढच्या मागणीपत्रात घालावा आणि पगारवाढीच्या बोलणीत प्रत्येकीला आपल्या नावाचे ते कागद पुढे ठेवता यावेत.